आरोग्यनोंदी, रुग्णाच्या ताब्यातील (देवरूख परिसर)

तपासण्या, निदान, औषधे आणि लसी यांची माहिती केवळ दवाखान्याच्या कपाटात किंवा संगणकात न राहता रुग्णाजवळही असावी, ती त्याला वाचता यावी आणि कोणाला दाखवायची हे त्यानेच ठरवावे, अशी व्यवस्था. जिथे मोबाइलची रेंज बेभरवशाची, तिथे तिची गरज अधिक.

देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखात वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत आणि मुंबईला चाकरमानी नाही असे घर विरळाच. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्याचे मोठे कारण हेच. एकाच माणसाचे उपचार गावात, रत्नागिरीत आणि मुंबईत होत राहतात. या तिन्हींमधला दुवा म्हणजे बहुधा घरात जपलेली कागदांची पिशवी.

या भागातील माता-बालआरोग्याच्या कामाचा पाया इंदिराबाई तथा मावशी हळबे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या मातृमंदिर संस्थेने घातला. नोंदी आईकडेच सोपवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. जपानमध्ये माता-बाल आरोग्यपुस्तिका आईच्या हाती देण्यास १९४८ मध्येच सुरुवात झाली होती. नायजेरियात डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी मुलाच्या वाढीचा तक्ता आईनेच सांभाळावा अशी पद्धत रुजवली. आई तो हरवेल ही शंका तेव्हा घेतली जाई, पण आया तो नीट जपत.

भारतात याच विचाराचे आजचे रूप म्हणजे २०१० पासूनचे माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणातील तपासण्या, बाळाच्या लसी आणि वजनाचा आलेख त्यात एकत्र असतो. पहिलटकरीण सासरहून माहेरी येते तेव्हा कार्ड तिच्याबरोबर येते. मुंबईत नाव नोंदवलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन आणि रक्तदाब देवरूखच्या सिस्टरला फोन न करता, नेटवर्क न शोधता कळतात. कार्डाचे खरे मोल इथे दिसते.

कागदाला मर्यादाही आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात तो दमट होतो, त्याला बुरशी धरते. ईसीजीची थर्मल पट्टी तर काही काळाने फिकट होऊन कोरी दिसू लागते. म्हणून तिची झेरॉक्स वेळीच काढून ठेवावी. शिवाय पिशवी घरात कोणाच्याही हाती पडते. क्षयरोग किंवा गर्भपाताची नोंद सासरच्यांपासून राखून ठेवण्याचा बाईचा हक्क कागद सांभाळू शकत नाही.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हा हक्क लेखी मान्य आहे. १४ अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने, ठरावीक मुदतीसाठी पाहता येतात आणि ती संमती मागेही घेता येते. रचना चांगली आहे, पण ती मोबाइल ज्याच्या हातात त्यालाच मालक मानते. आधारला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि गावातल्या आईची संमती प्रत्यक्षात मुलगा देतो. केवळ टॉवर उभारून हे सुटत नाही. आईचा स्वतःचा नंबर जोडणे आणि प्रत्येक डिजिटल नोंदीची वाचता येईल अशी छापील प्रत तिला देणे, ही दोन्ही कामे आवश्यक आहेत.

कायदा रुग्णाच्या बाजूचा आहे. गोपनीयतेचे कारण पुढे करून केसपेपरच्या प्रती रुग्णाला नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तरीही बहुतेक जण डिस्चार्ज कार्डावरच समाधान मानतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे टिपण आणि बायोप्सीचा रिपोर्टही मागून घ्यावा. पुढच्या डॉक्टरला तेच लागतात, आणि तीन वर्षे उलटल्यावर ते मिळतीलच असे नाही.