लहान आतड्यातील डायव्हर्टिक्युला

लहान आतड्याच्या भित्तीतून बाहेर आलेल्या पिशवीसारख्या फुगवट्यास डायव्हर्टिक्युलम म्हणतात. डायव्हर्टिक्युला हे त्याचे अनेकवचन होय. मोठ्या आतड्याच्या मानाने लहान आतड्यात हे फुगवटे कमी आढळतात. बहुतेकांना त्यांचा काहीही त्रास होत नाही.

हे फुगवटे बहुधा उतारवयात निर्माण होतात. रक्तवाहिन्या भित्तीत शिरतात तेथे स्नायूंचा थर दुर्बल असतो. आतील दाबामुळे श्लेष्मकला त्या जागेतून बाहेर ढकलली जाते. मध्यांत्र व शेषांत्रात ही जागा आंत्रबंधाच्या बाजूस असल्याने फुगवटे तेथील चरबीत झाकले जातात आणि शस्त्रक्रियेच्या वेळीही सहज दिसत नाहीत. मेकेल डायव्हर्टिक्युलम हा प्रकार याहून वेगळा आहे. तो जन्मजात असून शेषांत्रात, आंत्रबंधाच्या विरुद्ध बाजूस असतो व त्याच्या भित्तीत आतड्याचे सर्व थर असतात.

उपद्रव

सर्वाधिक फुगवटे आद्यांत्रात, पित्तनलिकेच्या मुखाजवळ आढळतात. नलिकेवर दाब पडल्यास पित्ताशयात खडे नसतानाही कावीळ होऊ शकते. या अवस्थेला लेमेल सिंड्रोम म्हणतात.

मध्यांत्रातील फुगवटे सहसा अनेक असतात. त्यांत अन्न साचून जीवाणूंची बेसुमार वाढ होते. हे जीवाणू ब-१२ जीवनसत्त्व वापरून टाकतात आणि पित्तक्षारांचे विघटन करतात. परिणामी रक्तक्षय, तेलकट जुलाब व वजनात घट ही लक्षणे दिसतात. वृद्धांमध्ये अशा तक्रारी वयाच्या माथी मारल्या जातात, आणि मूळ कारण वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

फुगवट्याचा दाह, छिद्र, रक्तस्राव व आतड्यातील अडथळा हे तीव्र उपद्रव होत. दाहामुळे होणारी पोटदुखी अपेंडिसायटिस किंवा जठरव्रणासारखी भासते. फुगवट्यात तयार झालेला खडा सुटून पुढे अडकल्यासही आतडे बंद पडते. छिद्रामुळे पर्युदरदाह झाल्यास जिवाला धोका संभवतो.

निदान व उपचार

नेहमीच्या जठरदर्शक व बृहदांत्रदर्शक दुर्बिणी मध्यांत्राच्या बहुतांश भागापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून या दोन्ही तपासण्या निर्दोष असूनही शौचावाटे रक्त जात राहिल्यास लहान आतड्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते. त्यासाठी सीटी स्कॅन, कॅप्सूल एन्डोस्कोपी अथवा रक्तवाहिन्यांचे चित्रण उपयोगी पडते.

लक्षणे नसल्यास उपचारांची गरज नसते. जीवाणूंच्या वाढीवर प्रतिजैविके व ब-१२ची इंजेक्शने देतात. छिद्र पडून पोटात संसर्ग पसरल्यास किंवा रक्तस्राव न थांबल्यास आतड्याचा बाधित भाग काढून उरलेली टोके जोडतात.