डोगा: गुन्हेगारांना थेट संपवणारा मुंबईचा सुपरहिरो, नायक की गुन्हेगार?

आलं, हळद, धने आणि काळी मिरी. पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी विभाग आणि भुसार बाजार फिरून आलं की हे चारही जिन्नस पिशवीत सहज जमा होतात. पण नव्वदच्या दशकात हिंदी कॉमिक्स वाचत मोठे झालेल्यांना ही यादी ऐकून चार माणसं आठवतात: अदरक चाचा, हल्दी चाचा, धनिया चाचा आणि काली मिर्च चाचा. नावं स्वयंपाकघरातली, पण या चौघांनी तयार केलेला शिष्य मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारा. त्याचं नाव डोगा.

हा डोगा नेमका कोण?

दिल्लीच्या राज कॉमिक्सने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोगाला वाचकांसमोर आणलं. संजय गुप्ता, तरुणकुमार वाही आणि चित्रकार मनू यांनी तो घडवला. ‘कर्फ्यू’ हे त्याचं पहिलं कॉमिक्स. प्रकाशक दिल्लीचे, भाषा हिंदी, पण डोगाचं शहर मुंबई.

कथेनुसार हलकानसिंह नावाच्या डाकूला कचऱ्याच्या ढिगात एक तान्हं मूल सापडतं. तो त्याला वाढवतो, पण माणसासारखं नाही, कुत्र्यासारखं. चंबळच्या खोऱ्यात रोजची मारहाण आणि खून बघत हा सूरज मोठा होतो आणि पुढे मुंबईत येतो. तिथे अदरक चाचाच्या व्यायामशाळेत त्याला आसरा मिळतो. चार चाचांकडून तो शरीर कमावणं, मुष्टियुद्ध, मार्शल आर्ट्स आणि नेमबाजी शिकतो. रात्र झाली की कुत्र्याचा मुखवटा चढवून बाहेर पडतो. शहरातली भटकी कुत्री हीच त्याची फौज.

बाकीच्या सुपरहिरोंपेक्षा तो वेगळा कसा?

डोगाकडे दैवी शक्ती नाही. तो उडत नाही, त्याच्या हातातून किरण निघत नाहीत. आहे ते कमावलेलं शरीर आणि बंदूक. पण खरा फरक वेगळाच आहे. राज कॉमिक्सचाच सुपर कमांडो ध्रुव कोणाचा जीव घेत नाही. तो गुन्हेगाराला पकडतो आणि कायद्याच्या हवाली करतो. डोगा पकडत नाही, संपवतो. अटक, जामीन, तारीख, साक्षीदार फुटणं, पुन्हा तारीख, हा सगळा मार्गच त्याला मान्य नाही.

लेखकांनी त्याच्या घरातच एक पेचही ठेवला आहे. सूरजचं जिच्यावर प्रेम आहे, त्या मोनिकाचा भाऊ चीता हा पोलीस अधिकारी. म्हणजे सूरज ज्या घरात पाहुणा म्हणून जातो, त्याच घरातल्या माणसाच्या दृष्टीने डोगा हा खून करणारा माणूस आहे.

तो लोकांना इतका का आवडला?

डोगा आला तो काळ आठवून पाहा. नोव्हेंबर १९९१ मध्ये लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये पोलीस आणि गुंडांमध्ये भरदिवसा गोळीबार झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. १२ मार्च १९९३ ला साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्या खटल्याचे निकाल लागायला २००६-०७ उजाडलं. न्यायासाठी तेरा-चौदा वर्षं थांबावं लागतं, त्या शहरात बत्तीस-चौसष्ट पानांत निकाल लावणारा डोगा वाचकांना आपला वाटला, यात नवल नाही.

मग अडचण कुठे आहे?

कॉमिक्स वाचताना गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडतो. कोणी मारलं, का मारलं, हे चौकटीत काढून दाखवलेलं असतं. त्यामुळे डोगा गोळी झाडतो तेव्हा तो योग्य माणसालाच मारतोय याची वाचकाला खात्री असते. डोगाचा हात कधी चुकत नाही, कारण लेखक त्याला चुकू देत नाही.

खऱ्या आयुष्यात ती चौकट कोणीच पाहिलेली नसते. मुंबईतलंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्याजवळ लखनभैया नावाचा गुंड चकमकीत मारला गेला, असं पोलिसांनी सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा त्याला आधी पळवून नेऊन मग मारल्याचं सिद्ध झालं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली. मुंबईतल्या चकमकींवरूनच सुरू झालेल्या एका वेगळ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निर्देश दिले. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवायचा, स्वतंत्र तपास करायचा आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशीही व्हायची, असं त्यात आहे.

हा पेच फक्त डोगाचा आहे का?

नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये पनिशर हा असाच बंदूकधारी नायक आला. पुढे त्याचं कवटीचं चिन्ह काही पोलीस आणि सैनिक मिरवू लागले, तेव्हा त्याचे एक निर्माते जेरी कॉनवे यांनीच जाहीर विरोध केला. कायदा अपयशी ठरल्याची ही खूण पोलिसांनीच लावणं त्यांना पटलं नाही. १९८६-८७ च्या ‘वॉचमेन’ या ग्राफिक नॉव्हेलमध्ये अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी रोर्शाक रंगवला. आपलंच खरं मानणारा माणूस किती भयंकर होऊ शकतो हे मूर यांना दाखवायचं होतं. अनेक वाचकांनी मात्र त्यालाच आदर्श मानलं.

डोगाच्या गोष्टीतला राग खोटा नाही. कचऱ्यात टाकलेल्या मुलापर्यंत कायदा कधी पोहोचलाच नाही, मग त्याने कायद्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. त्यावर त्याने शोधलेलं उत्तर मात्र कॉमिक्समध्येच चालतं. एखाद्या चकमकीची बातमी येते आणि खाली ‘असंच पाहिजे’ अशा कमेंट्स पडू लागतात, तेव्हा एवढं आठवलं तरी पुरे: मेलेला माणूस गुन्हेगारच होता, हे आपल्याला अजून फक्त गोळी झाडणाऱ्यानेच सांगितलेलं असतं.