भोकरदनची मूर्ती आणि भडोचचे कोळी

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे प्राचीन सागरी व्यापाराशी आपला काय संबंध, असे आपल्या विद्यार्थ्यांना वाटते. याचे उत्तर भोकरदनच्या मातीत मिळाले. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनांच्या काळातील भोगवर्धन नगर ते हेच. तेथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेईत १९३८ साली मिळालेल्या भारतीय मूर्तीशी जवळचे साम्य आहे. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले; म्हणजे अशी कारागिरी त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचली होती.

ती पोहोचवली कोणी? पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो की, पैठण व तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई. भडोच ते पैठण ही वीस दिवसांची वाट होती. भडोचच्या खाडीत वाळूचे दांडे आणि भरतीचा लोंढा यांमुळे परकी जहाजे फसत. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे जात आणि जहाजे बंदरात आणीत.

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत घातला. व्यापार मात्र थांबला नाही. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनीही तेथे आपले काम नोंदवून ठेवले आहे. पण मूर्ती घडवणारा, गाडी हाकणारा, होडी वल्हवणारा यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. राजांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांनी एकदा वर्गात विचारावे: हा माल कोणाच्या हातांनी गेला?