गोठ्यातील सोबत आणि रुग्णाचे स्वास्थ्य

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन मंदिरांमुळे आणि बारवेमुळे इतिहासप्रेमींना परिचित आहे. परभणी जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणे येथील जीवनही शेती आणि जनावरे यांच्याशी बांधलेले आहे. रुग्णाच्या उपचारात प्राण्यांची मदत घेतात, हे अशा गावात सांगितले तर नवल वाटेल. शहरातील रुग्णालयांत प्रशिक्षित कुत्रे रुग्णांच्या भेटीस नेले जातात, हे तर अधिकच. मात्र या उपचारपद्धतीची एक शाखा थेट गोठ्यापर्यंत येते आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे 1796 मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णांच्या आश्रयगृहात रुग्णांच्या सहवासासाठी ससे व कोंबड्या पाळल्या जात. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्यांना लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही परिचर्येवरील आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. तिला शास्त्रीय चर्चेत स्थान मिळाले ते न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्यामुळे. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधी त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांचा 'जिंगल्स' हा कुत्रा खोलीतच होता. मुलगा त्याच्याशी खेळू लागला आणि पुढे त्याच खेळातून डॉक्टरांशीही मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी 1962 मध्ये या अनुभवावर निबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याकडे 'अॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने विशेष मुलांसाठी असे काम करीत आली आहे.

हृदयविकाराबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. अमेरिकेत 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 92 हृदयरुग्णांची वर्षभर नोंद ठेवण्यात आली होती. प्राणी पाळणाऱ्या 53 जणांपैकी 3, तर न पाळणाऱ्या 39 जणांपैकी 11 रुग्ण त्या अवधीत दगावले. या आकड्यांचा पुढे फार गाजावाजा झाला. परंतु ऑस्ट्रेलियातील 2010 च्या अभ्यासात नेमके उलट चित्र दिसले. त्यामुळे घरात कुत्रा आणला की हृदय सुधारते, असे म्हणता येत नाही. तात्पुरता लाभ मात्र दिसून येतो. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या 76 रुग्णांवर कॅलिफोर्नियात केलेल्या व 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कुत्र्याच्या अवघ्या 12 मिनिटांच्या भेटीने रुग्णांची अस्वस्थता आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्यांवरचा दाब उतरल्याचे आढळले. स्पर्शाने शरीरातील ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते व ताणाशी निगडित कॉर्टिसॉल घटते, असे त्यामागचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

गोठ्याशी संबंधित संशोधन नॉर्वेतील आहे. तेथे 90 मनोरुग्णांपैकी 60 जणांना बारा आठवडे शेतावर पाठवण्यात आले. औषधोपचार चालू ठेवून त्यांनी गायींना वैरण घालणे, अंग घासणे, शेण काढणे, धार काढणे अशी कामे केली. बारा आठवडे संपले तेव्हा फारसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी मात्र 'आपल्याला हे जमते' हा त्यांचा आत्मविश्वास इतरांच्या तुलनेत वाढलेला होता. नैराश्याच्या रुग्णांवरील आणखी एका लहान अभ्यासात, नुसते जनावराजवळ बसण्यापेक्षा धार काढण्यासारखे कौशल्याचे काम शिकत जाणाऱ्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले.

आपल्याकडे याचा विचार होणे अगत्याचे आहे. घरात कोणी मनाने खचला की मायेपोटी त्याच्या हातातील सगळी कामे काढून घेतली जातात. तो ओसरीवर बसून राहतो आणि जनावरे दुसरेच कोणी पाहते. वास्तविक पहाटे दावणीशी हंबरणारी गाय ही अंथरूण सोडण्याचे कारण असते. वैद्यकीय सल्ल्याने झेपेल एवढी, वैरण-पाण्याची का होईना, जबाबदारी त्याच्याकडे ठेवणे हिताचे ठरू शकते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करणाऱ्या शेतकऱ्याला जनावराशी असलेले नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच चाराटंचाईत लाल कंधारी बैलांची जोडी विकावी लागते किंवा 2022 च्या लम्पी साथीसारख्या आजारात गाय दगावते, तेव्हा होणारे नुकसान केवळ पैशांचे नसते. पंचनाम्यात त्याला रकाना नाही.

गोठा हा मनोविकारतज्ज्ञाचा पर्याय मात्र नव्हे. मराठवाडा व विदर्भातील शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाने 2015 मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. 'टेलि-मानस' या राष्ट्रीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. गोळ्यांमुळे गुंगी येत असल्यास रुग्णाला मारक्या जनावराजवळ एकटे सोडू नये. दमा, उघडी जखम किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती घटलेली असल्यास प्राण्यांचा निकट सहवास डॉक्टरांना विचारूनच ठेवावा.

जनावरांपासून माणसाला होणाऱ्या आजारांचीही जाणीव हवी. गाय गाभडल्यास वार उघड्या हाताने उचलू नये व दूध उकळूनच प्यावे. अन्यथा ब्रुसेल्लोसिसचा धोका असतो. घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. परभणीत 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे जिल्ह्यात या विषयातील तज्ज्ञांचा सल्ला दूर नाही. कुत्रा चावल्यास जखमेला हळद-मिरची न लावता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लसीची पहिली मात्रा घ्यावी. पुढील मात्रा ठरल्या दिवशीच घ्याव्यात. जखम खोल असल्यास लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, हे दवाखान्यात आवर्जून विचारावे.