ओढू नये, वळवावे

तरफ, पाचर, स्क्रू ही साधी यंत्रे आपण वर्गात शिकवतो. त्यांपैकी स्क्रूच्या तत्त्वाने बाळंतपणाच्या इतिहासात मोलाची भर घातली आहे.

गळपट्टीचे हाड, म्हणजेच कॉलरबोन, गर्भात सर्वांच्या आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यातच घडू लागते. तरीही जन्मताना सर्वाधिक वेळा मोडणारे हाड हेच. याचे एक कारण भूमितीत आहे. आईच्या कटीच्या हाडांच्या कड्याचे वरचे तोंड पुढून मागे सुमारे ११ सेंटिमीटर, तर आडवे सुमारे १३ सेंटिमीटर असते. डोके बाहेर आल्यावर खांदे अरुंद दिशेत आले, की पुढचा खांदा हाडामागे अडकतो.

अशा वेळी डोके धरून ओढण्याकडे कल असे. त्याची किंमत एकोणिसाव्या शतकात नोंदली गेली. फ्रान्समधील द्युशेन यांनी १८७२ साली जन्मावेळच्या इजेने हात लुळा पडलेल्या बालकांचे वर्णन केले. १८७४ साली जर्मनीतील एर्ब यांनी इजेची जागा मानेतून निघणाऱ्या पाचव्या व सहाव्या नसांपाशी असल्याचे दाखवले.

वुड्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९४३ साली लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘भौतिकीचे तत्त्व’ हे शब्द होते. आट्यात अडकलेला स्क्रू ओढून निघत नाही, फिरवावा लागतो, तसेच खांद्यांचे. आपला कासार बांगडी भरताना हात दाबून वळवतो, त्याचीच येथे आठवण व्हावी. पुढे १९८३ साली ह्यूस्टनमधून मॅकरॉबर्ट्स यांची पद्धत प्रसिद्ध झाली. तीत आईच्या मांड्या पोटाकडे दुमडून हाडांच्या कड्याचा कलच बदलतात.

मग हाड मोडले म्हणजे कोणाचा तरी हलगर्जीपणा झाला का? बाळाचे वजन जास्त असणे, खांदा अडकणे, चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरावा लागणे, यांमुळे धोका वाढतो. परंतु बेताच्या वजनाच्या, सुखरूप जन्मलेल्या बाळांतही असे हाड मोडलेले आढळते. म्हणून केवळ मोडलेल्या हाडावरून सुईणीला वा डॉक्टरांना दोषी ठरवता येत नाही.

बाळ दचकले असता एकच हात उचलत असेल, तर तपासणी करून घ्यावी. बाही अंगरख्याला टाचून हात स्थिर ठेवला, की हाड बहुधा दोन-तीन आठवड्यांत जुळते. ताणलेली नस मात्र प्रत्येक वेळी पूर्ववत होतेच असे नाही. ओढण्याऐवजी वळवण्याचा धडा म्हणूनच मोलाचा आहे.