बावीस शिटं ते सात सीट

टेस्ट ड्राइव्ह म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? बाणेर नाहीतर वाकडचं शोरूम, शेजारच्या सीटवर बसून "सर, पिकअप बघा" म्हणणारा एक पोरगा, आणि दोन सिग्नलमध्ये संपणारी तीन किलोमीटरची फेरी. मीही आजवर तेवढंच केलंय. पण स्कॉर्पिओ-एन मी चालवली ती शिराळ्यात. बत्तीस शिराळा, नागपंचमीवालं. गाडी घ्यायची होती माझ्या चुलत्यांना, आबांना. माझं काम एवढंच, "तू इंजिनिअर हाईस, बघ जरा." मी सॉफ्टवेअरवाला आहे हे गेली वीस वर्षं घरी समजावून सांगतोय, पण असो.

शनिवारी सकाळी शोरूमचा माणूस डेमोची गाडी घेऊन थेट दारात आला. आबांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही की टायरला लाथ मारून पाहिली नाही. सरळ मागचं दार उघडलं, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "हितं किती शिटं बसत्यात?"

इथं जरा थांबून सांगायला हवं. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात शेअर जीपला 'वडाप' म्हणतात. आणि वडापच्या भाषेत शीट म्हणजे बसायची जागा नव्हे, बसणारा माणूस. "दोन शिटं कमी हायत, आली की निघतू." आबांनी १९८९ पासून बारा-तेरा वर्षं शिराळा ते कोकरूड, बाजारच्या दिवशी पुढं चरण-आरळ्यापर्यंत वडाप चालवलं. त्यामुळं गाडीचं माप ते फुटात किंवा हॉर्सपॉवरमध्ये घेत नाहीत, शिटांत घेतात.

मी पुण्याहून निघताना इंजिनिअरसारखा अभ्यास करून आलो होतो. पण माझी आकड्यांची यादी आणि आबांचा प्रश्न शेजारी ठेवला, तेव्हा लक्षात आलं की या गाडीचा खरा इतिहास मागच्या बाकड्यावर बसून वाचावा लागतो.

सुरुवात अर्थातच विलीज जीपपासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. सैन्यासाठी, म्हणून हलक्या, उघड्या, आणि मोडली तर रानात दुरुस्त होईल अशा. इकडे मुंबईत जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ गव्हर्नर-जनरलही होते. १९४८ मध्ये पाटीवर दोन महिंद्र आले. 'एम अँड एम' ही अक्षरं मात्र तीच राहिली, लेटरहेड छापणाऱ्याचं काम वाचलं असावं.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात अमेरिकेतून सुट्या भागांत आलेल्या जीप जोडायला सुरुवात झाली. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, सातारा जिल्हा तुटला आणि आमचं शिराळं 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात गेलं. त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. जीप आमच्याकडं आली ती साहेबांची गाडी म्हणून. कलेक्टर, इरिगेशन, फॉरेस्ट. त्यात फॉरेस्टवाले म्हटलं की आमच्या भागाच्या कपाळावर आजही आठी पडते. इथंच शेजारी बिळाशीला १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झालाय. पुढं वारणेवर चांदोलीचं धरण झालं, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि दोन्हींपायी गावंच्या गावं उठली. त्या सगळ्या काळात जीप दिसली म्हणजे कुणीतरी मोजायला आलंय, असा अर्थ.

बाकीच्यांनी काय करायचं? चालायचं. पेठ नाक्यापासून जवळच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तिसाच्या दशकात लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला गेले ते पायी. १९४८ पासून एसटी सुरू झाली, हळूहळू खोऱ्यातही पोचली, पण वाडीवस्तीला दिवसातून एखादी फेरी. ती चुकली की दिवस गेला.

ही फट भरली वडापनं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, महिंद्रच्या लांब जीपा होत्याच, पुढं १९९४ मध्ये टाटा सुमो आली (सुमंत मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं, पैलवानाशी संबंध नाही). कायद्यानं हे सगळं अवैध प्रवासी वाहतूक. पण बाळंतीण, दुधाचे कॅन, मुंबईला माथाडीत असलेला गडी आणि त्याची ट्रंक, सगळं त्यातूनच जायचं. आबांचं रेकॉर्ड बावीस शिटांचं. मागं समोरासमोरच्या दोन आडव्या बाकड्यांवर दहा, मधे सहा, पुढं ड्रायव्हर धरून चार, दोन मागच्या फळीवर उभे. "आनि टपावरची मोजलीच न्हाईत," असं ते अजून अभिमानानं सांगतात.

काकी ते ऐकताना उठून आत जातात. १९९७ मध्ये माहेराहून येताना त्या बसलेलं वडाप वळणावर उलटून शेतात गेलं. आबांचं नव्हे, दुसऱ्याच कुणाचं. आडव्या बाकड्यावरच्या माणसाला धरायला काहीच नसतं. सगळे एकमेकांवर आदळले. काकींच्या डाव्या दंडात तेव्हापासून रॉड आहे. त्यानंतर जीपच्या मागच्या बाकड्यावर त्या कधीही बसल्या नाहीत. आबांच्यासुद्धा.

आता स्कॉर्पिओ. २००२ च्या जूनमध्ये ती बाजारात आली. त्याआधी महिंद्रची गाडी म्हणजे विलीजचंच नातवंड-पतवंड. पवन गोएंका जनरल मोटर्स सोडून १९९३ मध्ये नाशिकला आर अँड डी सांभाळायला आले आणि त्यांच्या टीमनं साधारण ६०० कोटींत कोऱ्या कागदावरून गाडी उभी केली. २.६ लिटरचं टर्बो डिझेल, १०९ हॉर्सपॉवर. जीपनं पहिल्यांदा बूट घातले. आमच्याकडं दोन-चार वर्षांत प्रत्येक पुढाऱ्याच्या दारात एक पांढरी स्कॉर्पिओ उभी राहिली, आणि मागं काही प्रकारांत तीच आडवी बाकडी. फक्त आता त्यांवर शिटांऐवजी कार्यकर्ते.

मग २७ जून २०२२ ला स्कॉर्पिओ-एन. चाकणला बनलेली, सांगाड्यापासून नवी. बुकिंग उघडल्यावर अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या झाल्या. (तो सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमला माझा दंडवत.) गंमत अशी की दोनच महिन्यांत जुनी गाडीही 'क्लासिक' नावानं विक्रीला ठेवली, आणि तिच्या नऊ सीटच्या प्रकारात आडवी बाकडी शाबूत. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. नवं व्हर्जन कितीही चांगलं असो, जुन्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना एका रात्रीत तोडता येत नाही.

रुंदी बघा. विलीज साधारण १,५७५ मिलिमीटर, जुनी स्कॉर्पिओ १,८२०, नवी १,९१७. उंची मात्र जुनीपेक्षा जवळजवळ चौदा सेंटीमीटरनं कमी. रुंद आणि बसकी म्हणजे वळणावर कमी कलंडणारी, गणित सोपं आहे. खाली मात्र अजून शिडीसारखी चासी आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी. बैलगाडीच्या साट्यासारखंच. खड्ड्याचा मार चासी खाते, म्हणून रस्ते वाईट असलेल्या भागात ही रचना टिकलीय.

चालवायला कशी आहे? सांगतो. गावातल्या गल्लीतून काढताना मी आरसे मिटले आणि श्वास धरला, ती १,९१७ ची रुंदी तिथं कळली. बाहेर पडल्यावर मात्र १७५ हॉर्सपॉवर म्हणजे काय ते समजलं. कोकरूडच्या वाटेवर उसाच्या जोड ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं होता, समोर मोकळं दिसताच पाय दाबला आणि ट्रॅक्टर मागं पडला. आवाजसुद्धा चढला नाही. जुन्या स्कॉर्पिओत वळणावर प्रवासी आपोआप एकमेकांच्या खांद्यावर जायचे, इथं सरळ बसून राहिले. स्टिअरिंग हलकं, ब्रेक भरवशाचे. तिसऱ्या रांगेत मी स्वतः बसून पाहिलं. समोर तोंड करून दोघांची जागा, पण गुडघे हनुवटीजवळ. तिथं मोठ्या माणसानं पेठ नाक्यापलीकडं जाऊ नये.

मी आबांना स्टार सांगितले. ग्लोबल एनकॅपनं २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली जुनी स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटरनं आदळली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेला शून्य स्टार मिळाले होते. २०२२ मध्ये नव्या गाडीला पाच, मुलांसाठी तीन. आबा खूश. काकींनी मधल्या सीटवरून विचारलं, "त्या बाहुल्या कुटं बसवल्या हुत्या?"

मी फोनवर पुन्हा वाचलं. मोठ्या माणसाच्या बाहुल्या पुढच्या दोन सीटवर, लहान मुलांच्या मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कुणीच नाही.

"मग मागं कुनी बसायचं न्हाई," काकी म्हणाल्या आणि विषय संपला. सातची गाडी आमच्या घरात पाचची झाली.

परतताना बिळाशीच्या अलीकडं एक म्हातारी रस्त्याकडेला हात करून उभी. आबा म्हणाले, "थांबव." शोरूमच्या पोरानं कंपनीचा नियम सांगायला तोंड उघडलं आणि आबांकडं बघून मिटलं. काकी सरकल्या. म्हातारीला पायरी उंच होती, आबांनी खाली उतरून सवयीच्या हातानं तिला वर घेतलं, काकींनी तिचा पट्टा लावून दिला. शिराळ्याच्या स्टँडवर उतरताना तिनं कमरेची चंची सोडली, वीसची नोट काढली आणि कुणाला द्यायची ते न कळून माझ्याकडं धरली.

आबांनी मागं वळून विचारलं, "सुट्टं न्हाईत का, म्हातारे?"