मासाहिको किमुरा : उपजीविकेचा प्रश्न

मिश्र युद्धकलेच्या पूर्वेतिहासात व्यावसायिक लढवय्याच्या उपजीविकेचा विचार फारसा होत नाही. जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा (१९१७-१९९३) यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हौशी ज्युदोने त्यांना कीर्ती दिली. क्षयग्रस्त पत्नीच्या औषधांचा खर्च मात्र त्या कीर्तीतून भागेना. म्हणून १९५० मध्ये ते व्यावसायिक ज्युदोत उतरले. तो उपक्रम अल्पजीवी ठरला. १९५१ मध्ये ब्राझीलमध्ये त्यांनी एलिओ ग्रेसी यांना खांदा पिरगाळणाऱ्या पेचात जखडून हरविले. १९५४ मध्ये रिकिडोझान यांच्याकडून ते पराभूत झाले. लढत बरोबरीत सोडविण्याचे आधीच ठरले होते, असे त्यांचे म्हणणे. कोदोकान या ज्युदोच्या मातृसंस्थेने त्यांना सातव्या दानापुढे बढती दिली नाही. ग्रेसींवरील तो पेच मात्र आजही ‘किमुरा’ याच नावाने शिकविला जातो.